मामाजी एवढे गोरे कधी झाले?

पत्र थोडक्यात असं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातल्या ताई, वय ३४, घरी कोरडवाहू शेती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिसरीतल्या मुलीच्या १२ रंगीत पेन्सिलींच्या डब्यातून चित्रं काढायला लागल्या, मग गोडी लागली तसा ऑनलाइन ४८ चा बॉक्स मागवला (नवऱ्याला किंमत तीनशे रुपये कमी सांगितली, हेही त्यांनीच लिहिलंय). मुलगी, सासरे, वारलेले वडील, शेजारच्या आजी, स्वतः, अशी बहुतेक सगळी चेहऱ्याचीच चित्रं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पेटीतली सगळी ४१ चित्रं एकदम बाहेर काढली आणि लाज वाटली. सासऱ्यांचं चित्र पाहून सासूबाई म्हणाल्या, "हे तुह्ये मामाजी काय? हा तर कोनी तहसीलदार वाटून राह्यला." आता गावातले लोक आधार कार्डावरचा फोटो घेऊन येतात, गेलेल्या माणसाचं चित्र काढून दे म्हणतात, तेही फुकट. जुन्या चित्रांवर काळ्या भागात पांढरट बुरशीसारखं आलंय. ताई विचारतात, "इंटरमिजिएटसुद्धा (शाळेतली सरकारी चित्रकला परीक्षा) दिली नाही, फोटोसारखं जमत नाही, सुरवातीची चित्रं चुलीत घालू का आणि हा नाद सोडून देऊ का?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे सहा फोटो तर किती वेळा झूम करून पाहिले त्याचा हिशोब नाही, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. आधी एक काम करा, ती चित्रं चुलीजवळून उचला आणि पेटीत ठेवा, बाकी मग बोलू.

हे मी उगाच नाही सांगत. मी स्वतः एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलेला, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आणि १९९१ च्या पावसाळ्यात लाकडं ओली होती म्हणून बंब पेटवायला माझ्या जुन्या स्केचबुका फाडून घातल्या, चांगल्या चारपाच होत्या, तेव्हा वाटलं काय ते पोरकट काम, बरं झालं गेलं. त्यातल्या एका पानावर माझी आई सुपात गहू निवडताना होती. चित्र वाईटच होतं, सूप तिच्या मांडीतून आरपार गेलं होतं, पण गव्हातला खडा उचलायची तिची एक पद्धत होती, अंगठा आत वळवून, ती त्यात बरोबर आली होती. ती पद्धत आता मला आठवते पण काढता येत नाही, चारदा प्रयत्न केला.

बरं, आता दिवाळीचं. साफसफाईच्या दिवशी माणूस घरातली प्रत्येक वस्तू फेकायच्या नजरेनंच पाहते, फुटकी बरणी, उसवलेली सतरंजी, आणि त्याच रांगेत तुम्ही ४१ चित्रं मांडली. मग लाज नाही वाटणार तर काय. शिवाय पाच वर्षांची चित्रं एकदम पाहिली की डोळा आपोआप सगळ्यात चांगल्याकडे जातो आणि बाकीची ४० त्याच्या तुलनेत पडतात. असं पाहू नका. एखाद्या दुपारी, जेवणं झाल्यावर, चित्रं उलटी करून प्रत्येकाच्या मागे साध्या शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा की अंदाजे कोणत्या महिन्यातलं, कोणाचं, समोर बसवून काढलं का फोटोवरून. बॉलपेननं लिहू नका, त्याचा दाब पुढून उमटतो. मग तारखेनं लावा आणि त्या दिवशी फक्त डोळे पाहा, ४१ चित्रांतले फक्त डोळे, नाक नाही, केस नाही. दुसऱ्या दिवशी फक्त कान.

मी तुमच्या सहा फोटोंत हेच केलं. पहिल्या चित्रात मुलीचे डोळे जवळजवळ कपाळात आहेत आणि भोवती काळी बॉर्डर, बदामाच्या आकाराची. सगळे सुरवातीला असंच काढतात कारण आपल्याला केसांखालचं डोकं मोजायचं सुचतच नाही, खरं तर टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे साधारण मधोमध येतात. शेजारच्या आजींच्या चित्रात डोळे खाली उतरलेत. आणि सासऱ्यांच्या चित्रात, ताई, वरच्या पापणीला जाडी आहे, तिची सावली बुबुळावर पडलीय, आणि डोळ्याचा पांढरा भाग तुम्ही पांढरा न ठेवता करड्या रंगानं हलका दाबलाय. हे तुम्हाला कोणी शिकवलं? कोणीच नाही ना. ही सुधारणा तुम्हाला दिसली नाही कारण पहिलं चित्र तुम्ही लाजेनं खाली सरकवलं होतं, आणि ते जाळलं असतं तर मलाही दिसली नसती.

आता तहसीलदारावर येतो. पत्रात तुम्ही हे वाक्य अपमान म्हणून लिहिलंय, मला तर ते वाचून हसू आलं आणि मग फोटो पुन्हा उघडला, कारण सासूबाई बरोबर बोलून राहिल्या ना! ४० वर्षांवर संसार केलेल्या बाईपेक्षा त्या चेहऱ्याचा जाणकार दुसरा कोण असणार. त्यांनी नाक चुकलं म्हटलं नाही, डोळे चुकले म्हटलं नाही, माणूस तोच असेल पण नोकरी बदलली असं म्हणाल्या. म्हणजे काय? म्हणजे उन्हात काम करणारा माणूस तुम्ही पंख्याखाली बसवला.

सहाही चित्रं एका ओळीत पाहा. मुलगी, सासरे, वडील, आजी, तुम्ही, आणि ते जयंतीसाठी काढलेलं बाबासाहेबांचं चित्र, सगळ्यांची कातडी एकच, गुलाबट फिकी. ती कुठून आली हे मला सांगायची गरज नाही, तुमच्या बॉक्समध्ये ती पेन्सिल असेल, जिला पोरं 'स्किन कलर' म्हणतात. मी शाळेत हजारदा ऐकलंय, "सर, स्किन दे म्हणा ना याले." आणि मागणारं पोट्टं स्वतः जांभळासारखं काळंभोर! इतकी वर्षं मीही ती पेन्सिल इकडून तिकडे दिली, कधी टोकलं नाही, ही माझी चूक. अमेरिकेतल्या क्रेओला कंपनीनं आपल्या खडूचं 'फ्लेश' हे नाव १९६२ सालीच काढून 'पीच' ठेवलं, आपल्याकडे मात्र तोंडातलं नाव अजून तेच आहे.

तुमचा एकटीचा दोष नाही हा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरात भिंतीवर आल्या, तेव्हापासून कॅलेंडरवर चांगला चेहरा म्हणजे गोरा चेहरा असंच आपण पाहत आलो. मग लग्नाचा स्टुडिओवाला. तुम्ही स्वतःचं चित्र लग्नाच्या फोटोवरून काढलंय ना, त्या फोटोत तुम्हाला त्यानंच दोन शेड उजळ केलं असेल. आणि आताच्या फोनमध्ये ब्यूटी मोड असतो, आपण चालू केलेला नसला तरी बऱ्याचदा चालूच असतो, तो चेहरा गुळगुळीत आणि फिका करून टाकतो. तेव्हा "फोटोसारखं जमत नाही" असं लिहिताना कोणता फोटो म्हणता तेही एकदा विचार करून पाहा, कारण मला तर असं दिसतंय की तुमची चित्रं फोटोसारखीच झालीयेत आणि म्हणूनच सासूबाईंना मामाजी सापडले नाहीत.

तर पहिलं काम, सासऱ्यांना सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ओसरीत बसवा, पेपर वाचत असतील तर उत्तम, आणि अर्धा तास काही न काढता नुसतं पाहा. तुमच्या चित्रात ते बिनाटोपीचे आहेत. शेतकरी माणसाच्या कपाळावर टोपीची एक रेघ असते पाहा, रेघेच्या वर कपाळ जरा उजळ आणि खाली एकदम भाजलेलं. गालाच्या वर, हाडावर, एक चमक असते आणि ती पांढरी नसून किंचित निळसर असते कारण ओसरीत उजेड आभाळाचा येतो. कानाच्या पाळीतून उन्हाचा उजेड आरपार गेला तर कान लालकेशरी दिसतो. मानेच्या मागे, जिथं कापूस वेचणीच्या दिवसांत ऊन बसतं, तिथं रंग जवळजवळ जांभळा. हे सगळं तुमच्या चित्रात एका पेन्सिलीत उरकलंय.

ते आणायला महाग बॉक्स लागत नाही, मुलीच्या १२ च्या डब्यातसुद्धा होतं. स्किनची पेन्सिल महिनाभर बाजूला काढून ठेवा. आधी पिवळा, एकदम हलका, टोक बारीक करून, पूर्ण चेहऱ्यावर, चमक ठेवायची ती जागा कोरी सोडून. त्यावर केशरी, त्यावर तपकिरी, दाब वाढवायचा नाही, थर वाढवायचे. सावलीत जांभळा किंवा गडद निळा, आणि त्यावर परत तपकिरी, म्हणजे सावली जिवंत राहते. काळी पेन्सिल कातडीला लावूच नका, काळ्यानं सावली होत नाही, काजळी होते. नाकाचा शेंडा, गाल, कान इथं थोडा लाल. ४८ च्या बॉक्समध्ये यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना असतील तर काम अजून सोपं, हे दोन रंग म्हणजे आपली मातीच. पहिल्या दोनतीन थरांना चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसेल, घाबरून सोडू नका, पाचव्या-सहाव्या थराला माणूस वर येतो.

पण पाच-सहा थर घ्यायला कागद पाहिजे. तुमचं चित्र शाळेच्या ड्रॉइंग वहीवर आहे, झूम केल्यावर दिसतं की गालावर रंग बसायचा थांबलाय आणि पेन्सिल स्वतःच्याच मेणावर घसरलीय. कागदाला खरखरीतपणा असतो, त्याच्या खाचांत रंग बसतो, खाचा भरल्या की संपलं. १५० ते २०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तसा कागद जाड) कार्ट्रिज कागद घ्या, तालुक्याला स्टेशनरीवाल्याकडे सुटा मिळतो, एका मोठ्या शीटचे चार तुकडे करा. माझं मत विचाराल तर पेन्सिली साध्या चालतील, पैसे कागदावर घाला. आणि सगळ्यात शेवटी, थर देऊन झाले की, पांढऱ्या किंवा फिक्या पेन्सिलीनं जोर देऊन घासलं की रंग एकमेकांत मिसळून गुळगुळीत होतात, पण ते एकदाच, त्यानंतर वर काही चढत नाही.

(हे मे महिन्यात करू नका. आपल्याकडे ४५ अंशाला पेन्सिलीतलं मेण इतकं मऊ पडतं की टोक टिकत नाही आणि हात हलका ठेवला तरी रंग दाट बसतो. तारखा टाकल्यावर तुमची उन्हाळ्यातली चित्रं वेगळी काढून पाहा, कदाचित तुम्हीही ओळखाल.)

चित्र झालं की सासूबाईंकडे न्या, पण "कसं झालं?" असं विचारू नका, त्या "छान आहे" म्हणतील किंवा परत तहसीलदार म्हणतील. "कुठं चुकलं?" असं विचारा. बोट ठेवून दाखवायला सांगा. "हे इथं एवढं भरलेलं नाही, दात काढल्यापासून गाल आत गेला," असं काहीतरी त्या सांगतील आणि ते कोणत्याच यूट्यूबवर मिळणार नाही. स्वतः तपासायचं असेल तर चित्र उलटं धरा, आरशात पाहा, किंवा मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा, चेहरा सपाट करडा दिसला तर समजा उजेड-सावलीत फरकच ठेवला नाही.

स्वतःचं चित्रसुद्धा पुन्हा काढा म्हणेन. लग्नाच्या फोटोवरून नाही, आरसा लावून. व्हॅन गॉगनं १८८६ ते १८८८ या पॅरिसच्या दोन वर्षांत वीसच्या वर स्वतःचे चेहरे रंगवले, कारण साधं होतं, मॉडेल बसवायला पैसे नव्हते आणि आरसा होता. तुमच्याकडे पण रात्री सगळे झोपल्यावर समोर बसायला दुसरं कोण आहे? बल्ब एका बाजूला ठेवा, डोक्यावर नको. पहिलं चित्र कोणाला दाखवू नका. रंग पाहून स्वतःचं स्वतःला जरा टोचेल, चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःला तपकिरी काढताना हात थबकतो, मला एका विद्यार्थिनीनं हे मोठी झाल्यावर सांगितलं होतं. थबकला तर थबकू द्या, पण पेन्सिल बदलू नका.

आता आधार कार्ड. हा प्रश्न तुम्ही शेवटी दोन ओळींत उरकलाय पण मला वाटतं मनाला खरा त्रास त्याचाच आहे, कारण नाही म्हणवत नाही आणि केलं तरी घरचे म्हणतात बाबासारखं नाही वाटत. अहो, आधारवरून आधारच निघते! समोरून उजेड मारून घेतलेला इंचभराचा फोटो, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, त्यात गाल कुठं संपतो आणि कान कुठं सुरू होतो तेच कळत नाही. तुम्ही उरलेलं मनानं भरता आणि मन म्हणजे परत तीच गुलाबी पेन्सिल. तेव्हा सरळ सांगायचं की एका फोटोवर काढत नाही. कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये पंगतीत बसलेले, पोळ्याला बैलासोबत उभे असलेले, असे दोनतीन फोटो आणा. सख्खा भाऊ किंवा मुलगा, ज्याचं नाक त्यांच्यावर गेलंय, त्याला अर्धा तास बसवा. रंग काळा, सावळा, गव्हाळ, काय होता ते घरच्या तिघांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको, नाहीतर मेलेल्या माणसाला सगळे मिळून गोरं करतात. जिवंत माणसाचा फोटो तुम्हीच घेणार असाल तर पाच-सहा फूट लांब उभं राहून झूम करून घ्या, तोंडाजवळ फोन नेला की नाक मोठं आणि कान मागे पळालेले येतात, आणि फ्लॅश बंद.

आणि पैसे घ्या. फुकट काम करून तुम्हाला राग येतो आणि तो राग चित्रात दिसतो, आजींच्या चित्रातले केस पाहा, अर्ध्यात कंटाळल्यासारखे गोल गोल फिरवलेत, खरं का खोटं? नात्यातल्या एकदोन जणांना फुकट द्या, बाकीच्यांना कागद-पेन्सिलीचा खर्च आणि तुमच्या तासांचे, शेतमजुरीच्या दरानं धरले तरी चालेल, आधी सांगून घ्या. येणारे निम्मे कमी होतील. होऊ द्या.

बुरशीचं म्हणाल तर ती बहुतेक बुरशी नाहीच. मेणाच्या पेन्सिलीनं गडद भाग जोरात भरला की काही आठवड्यांनी मेण वर येतं आणि धुकं पसरल्यासारखी पांढरी झाक दिसते. जुन्या मऊ सुती लुगड्याच्या तुकड्यानं हलकंच पुसा, निघून जाईल. पुसून नाही गेलं, ठिपके ठिपके असले आणि कागदाला कुबट वास आला, तर मात्र ती खरंच पावसाळ्याची बुरशी, ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. चित्रांमध्ये वर्तमानपत्र घालू नका, तो कागद पिवळा पडतो आणि खालच्यालाही पाडतो, बटर पेपर घाला. लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा केलं की ते निघत नाही. आणि जे भिंतीवर लावाल ते उन्हाच्या समोरच्या भिंतीवर नको, स्वस्त पेन्सिलींचे गुलाबी आणि जांभळे सगळ्यात आधी उडतात. खात्री करायची असेल तर एका पट्टीवर सगळे रंग ओढा, अर्ध्या पट्टीवर पुठ्ठा चिकटवा आणि खिडकीत उन्हाळाभर ठेवा, आपल्या वैशाखासारखी प्रयोगशाळा कुठं मिळणार.

इंटरमिजिएटचं राहिलं. त्या परीक्षेला मी कित्येक पोरं बसवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, हे सगळं असतं, समोर माणूस बसवून त्याचा चेहरा काढायचा पेपर त्यात नसतोच. म्हणजे तुम्ही जे करताय त्यात ती परीक्षा पास झालेले माझे बरेच विद्यार्थी तुमच्याइतकेच कच्चे किंवा पक्के आहेत. मुलगी आता आठवीत गेली असेल, तिला एलिमेंटरीला, म्हणजे इंटरमिजिएटच्या आधीच्या परीक्षेला, बसवायचं असेल तर शाळेत चौकशी करा, आणि तिच्यासोबत तुम्हीही घरी वस्तुचित्रं काढा, तांब्या, विळा, कांदे, त्यानं तुमच्या चेहऱ्यांनाही गोलाई येईल.

सोडून द्यावं का, असं विचारलंत. ज्या बाईनं सासऱ्याच्या पापणीची सावली न शिकता पकडली तिला मी सोड म्हणणार नाही, पण सोयाबीन काढणीत किंवा वेचणीत दोन महिने पेन्सिल हातात आली नाही तर त्याला सोडणं म्हणत नाहीत, एवढं लक्षात असू द्या. मामाजींचं नवीन चित्र झालं की सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळवा, शब्दशः कळवा.

आणि बॉक्सच्या खऱ्या किमतीचं नवऱ्याला सांगायचं का ते तुमचं तुम्ही पाहा. मी माझ्या इझेलची, चित्र उभं ठेवायच्या घोडीची, अजून घरी सांगितलेली नाही, त्याला एकोणीस वर्षं झाली.